घर मालकाचं, संसार आपला!

१८ मे २०२५ ची ती रविवारची पहाट सोलापूरकर सहजासहजी विसरणार नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालकाच्या घरची माणसं होती, तशी तिथंच राहणाऱ्या कामगाराच्या घरचीही होती. पंतप्रधान मदत निधीतून वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. सगळं गाव हळहळलं.

एवढी मोठी आग लागली की सगळ्यांचं लक्ष तिकडं जातं. पण लहान आगी तर वर्षभर लागतच असतात. कुठं जुन्या वाड्यातली मागची खोली, कुठं पत्र्याचा वरचा मजला, कुठं अपार्टमेंटमधलं स्वयंपाकघर. बंब येतो, पाणी मारतो, निघून जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात आणि शेवटची ओळ ठरलेली असते, 'सुदैवाने जीवितहानी झाली नाही.'

खरंच सुदैव! जीव वाचला यापेक्षा मोठं काय आहे? पण मैत्रिणींनो, त्या ओळीनंतर त्या घरातल्या बाईचं काय होतं, ते पेपरात येत नाही. तिचं शिलाई मशीन जळालेलं असतं. मुलांची दप्तरं, रेशन कार्ड, डाळीच्या डब्यात बाजूला टाकलेले पैसे, मुलीसाठी एकेक करून जमवलेली भांडी, सगळं गेलेलं असतं. त्यात घर भाड्याचं असलं तर विचारूच नका. नातेवाईक घरमालकाला भेटायला जातात, "तुमचं घर गेलं हो," म्हणतात. आणि ही बाजूला उभी असते, जणू हिचं काही गेलंच नाही!

आमच्या महिला मंडळाकडे अशा बायका येतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, "ताई, घर तर मालकाचं होतं. विमाही नव्हता. मग मला कोण काय देणार?" मी काही वकील नाही. कला शाखेतून बी. ए. झालेली साधी गृहिणी आहे. पण गेली काही वर्षं तहसील, पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून एक गोष्ट पक्की कळली आहे. विमा नसला तरी भाडेकरणीला मार्ग असतात, मात्र ते आपणहून चालत घरी येत नाहीत. आपलं काय गेलं याची नोंद आपल्या नावानं झाली, तरच पुढची दारं उघडतात.

पहिले दोन दिवस महत्त्वाचे

आग विझली की आपल्या बायका पहिलं काय करतात? झाडू घेतात! काळं झालेलं घर बघवत नाही, म्हणून सगळं उचलून टाकतात. पण दोन दिवस धीर धरा. जे जळलं ते जिथं आहे तिथंच राहू द्या आणि मोबाईलवर सगळ्या खोल्यांचे, प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. जळालेल्या मशीनचा नंबर दिसत असेल तर त्याचाही काढा. मोबाईल जळाला असेल तर शेजारणीच्या मोबाईलवर काढा.

मग एक वही घ्या आणि यादी करा. कपाट, पंखा, मिक्सर, गाद्या, धान्य, कपडे. किती वर्षांपूर्वी घेतलं, कितीला घेतलं, आठवेल तसं लिहा. दुकानदाराकडं जुन्या बिलाची नक्कल मिळते का बघा. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूची नोंद फायनान्स कंपनीकडं असतेच. कर्ज देताना त्यांनी त्यासोबत एखादा विमाही काढलेला असू शकतो, तोही विचारून घ्या.

त्यानंतर तीन ठिकाणी नोंद व्हायला हवी. पहिलं पोलीस ठाणं. तिथं 'आकस्मिक जळीत' म्हणून नोंद होते आणि पंचनामा होतो. दुसरं अग्निशमन दल. कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, कशी आग लागली, याचा दाखला त्यांच्याकडं अर्ज करून मिळतो. तिसरं महसूल खातं. आपल्या भागातले तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते नुकसानीचा पंचनामा करतात. सोलापूर शहराचा बराच भाग उत्तर सोलापूर तहसीलमध्ये येतो. तहसीलदारांच्या नावानं साधा अर्ज लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पंचनामा होताना तिथं हजर राहा आणि सही करण्याआधी तो वाचून घ्या. एका बाईच्या बाबतीत पंचनाम्यात घरमालकाचं छत, दरवाजे, वायरिंग सगळं आलं होतं. तिचं मशीन आणि गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कपडे मात्र एका शब्दानं आले नव्हते. कारण पंच आले तेव्हा ती मुलाला घेऊन दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी यादी आणि फोटो घेऊन ती ठाण्यात गेली आणि पुरवणी जबाब लिहून दिला. तेव्हा कुठं तिच्या नुकसानीला कागदावर जागा मिळाली. आपलं नाव आणि 'भाडेकरू' हा शब्द कागदावर आलाच पाहिजे.

विडी वळणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. कारखान्यातून आणलेलं पान-तंबाखू घरात जळालं असेल, तर त्याच दिवशी कारखान्याला लेखी कळवा. नाहीतर पुढं तो माल तुमच्या हिशोबात धरला जाईल आणि बोलायला जागा उरणार नाही. विडी कामगाराचं ओळखपत्र आणि पीएफचे कागद जळाले असतील तर त्याच अर्जात तेही लिहा.

सरकारकडून काय मिळतं?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पूर, भूकंप, वादळ यांच्या जोडीला आगही आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये आहेत. जखमी माणसाला आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर १६ हजार, त्याहून कमी असेल तर ५,४०० रुपये आहेत. घर पूर्ण नष्ट झालं असेल तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत, पण ते घराच्या मालकाला.

मग भाडेकरूला? त्याच निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घरातल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरसामानासाठी २,५०० रुपये आहेत. ही मदत भिंतींची नाही, त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची आहे. म्हणजे ती भाडेकरूची आहे. रक्कम बघून हसू येईल, पाच हजारात आज काय येतं! पण रस्त्यावर आलेल्या घराला पहिल्या आठवड्यात तेवढाही आधार लागतो. शिवाय या अर्जासाठी झालेला पंचनामा पुढं दहा ठिकाणी उपयोगी पडतो. हातमाग किंवा हस्तकलेवर पोट असणाऱ्यांना जळालेल्या अवजारांसाठी ५ हजार आणि कच्च्या व तयार मालासाठी ५ हजार, अशी वेगळी तरतूदही त्याच निकषांत आहे. आपल्या सोलापुरात हे मुद्दाम सांगायला हवं. तुमच्या अर्जाच्या वेळी कुठले दर लागू आहेत, ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

घरात कुणी भाजलं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात. दवाखान्यात दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, बिल हातात आल्यावर नको. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आता मुंबईला धावावं लागत नाही. २०२५ पासून त्याचे कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयातही सुरू झाले आहेत. आणि बँकेचं पासबुक एकदा नीट बघा. वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्यात २ लाख रुपये आहेत. कित्येक घरांत हे वीस रुपये कशाचे, हेच ठाऊक नसतं!

विमा नाही म्हणता? गॅसचा आहे ना!

ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक वेळी बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघतात. आपल्या घरात अधिकृत गॅस कनेक्शन असेल तर सिलिंडरमुळं होणाऱ्या अपघाताचा विमा तेल कंपन्यांनी आधीच काढलेला असतो. त्यासाठी आपल्याला वेगळा पैसा भरावा लागत नाही. या विम्यात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये आहेत. उपचारांचा खर्च माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत सगळ्यांचा मिळून ३० लाखांपर्यंत आहे. मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत २ लाखांपर्यंत भरपाई आहे.

पण यात एक मेख आहे, आणि ती नेमकी भाडेकरूच्याच पायात मोडते. मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच मिळते. आपण काय करतो? कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर, पत्ता बार्शीचा किंवा मोहोळचा. टाकी आणून लावली सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीत. तीन घरं बदलली तरी पुस्तकावरचा पत्ता तोच! मग दावा कसा टिकणार? काळ्या बाजारातून भरून आणलेल्या छोट्या टाकीला तर हा विमा नाहीच.

म्हणून घर बदललं की शाळेत, रेशनला पत्ता बदलतो तसा गॅस एजन्सीतही बदलून घ्या. भाडेकरार नाही म्हणून उज्ज्वलाचं कनेक्शन घेतलं नसेल तर हेही ऐका. २०२१ साली सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र देण्याची सोय केली गेली. आग गॅसमुळं लागली असेल तर एजन्सीला त्याच दिवशी लेखी कळवा. एजन्सी तेल कंपनीला कळवते आणि कंपनी विमा कंपनीला. रेग्युलेटर, नळी, टाकी टाकून देऊ नका, तपासणीला ती लागतात. आणि गळतीचा वास आला तर आग लागायची वाट कशाला बघायची? १९०६ हा नंबर आजच फ्रिजवर लिहून ठेवा.

जागा सोडायची की धरून ठेवायची?

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. आगीनंतर आठवड्याभरात मालक म्हणतो, "घरच राहिलं नाही, आता तुमचा काय संबंध? सामान न्या आणि इथं सही करा." बाई आधीच खचलेली असते, सही करून मोकळी होते. थांबा! आधी आपला कागद बघा. तुम्ही भाडेकरू आहात की अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर आहात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, कायदा तसं म्हणत नाही.

तुम्ही जुन्या भाडेकरू असाल, वाड्यातल्या खोलीत सासूबाईंच्या काळापासून राहत असाल, तर जागा जळाली म्हणून तुमचा हक्क आपोआप जळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये असं आहे की आगीनं जागा कायमची निरुपयोगी झाली तर भाडेपट्टा संपवायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार भाडेकरूचा आहे. मालकाचा नाही! फक्त आग भाडेकरूच्या चुकीनं लागलेली नसावी. त्याआधी केरळमधल्या जळालेल्या एका दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भाडेकरूच्या विरुद्ध निकाल दिला होता. इमारतच गेली तर भाडेहक्कही गेला, असं त्याचं सार होतं. पण २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत बरोबर नाही असं ठरवलं. तिथं इमारत पालिकेनं पाडली होती. घर भाड्यानं देताना त्याखालची जमीनही त्यात येते, म्हणून इमारत गेली तरी भाडेहक्क संपत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणजे करायचं काय? हक्क सोडायचा नसेल तर कुठंही 'जागा सोडली' अशी सही करू नका. मालकाला पत्र लिहा, की मी भाडेकरू आहे, दुरुस्तीनंतर राहायला येणार आहे. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. भाडं थकवू नका, बँकेतून किंवा यूपीआयनं भरा म्हणजे पुरावा राहतो. हक्क धरून ठेवायचा तर भाडंही चालूच राहतं, हे लक्षात असू द्या. आणि जागा सोडायची असेल तर तेही लेखी कळवा, नाहीतर मालक पुढच्या भाड्याचा तगादा लावेल.

दुरुस्ती कुणी करायची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पुरं छत उभं करायला ते पुरणार नाही, पण वायरिंग किंवा दरवाजाला पुरेल. परस्पर कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात ताबा परत मागता येतो. हे सहा महिने 'बघू, करू' म्हणता म्हणता निघून जातात!

पालिकेनं इमारत धोकादायक ठरवली तर मात्र हट्ट करून आत राहू नका. जीव आधी. पण बाहेर पडण्यापूर्वी पालिकेला अर्ज द्या, की पाडण्याआधी इथं कोण भाडेकरू आहेत आणि कुणाकडं किती जागा आहे, याची मोजमापासह नोंद करा.

आता लिव्ह अँड लायसन्सवाल्या. यांची गोष्ट वेगळी. जागा नष्ट झाली की लायसन्स संपतं, तिथं परत राहायला येण्याचा हक्क सांगता येत नाही. तेव्हा यांनी जागेसाठी भांडण्यात ताकद घालवू नये. सगळं लक्ष डिपॉझिटवर ठेवावं. आगाऊ भाडं दिलं असेल तर न राहिलेल्या दिवसांचं परत मागावं. आणि करार नोंदलेलाच नसेल तर? लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. त्यामुळं "कागद कुठाय तुझ्याकडं?" असं कुणी दरडावलं तर घाबरू नका.

चूक कुणाची?

डिपॉझिटमधून मालक "घराचं नुकसान झालं" म्हणून पैसे कापतो. आपल्या हातून आग लागली असेल, दिवा लावून किंवा शेगडी चालू ठेवून बाहेर गेलो असू, तर त्याचं म्हणणं खोडणं अवघड आहे. पण आपली चूक नसेल तर आगीचा भुर्दंड आपण भरायचं कारण नाही. जागा होती तशी परत देण्याची भाडेकरूची जबाबदारी आहे, पण ज्यापुढं माणसाचा इलाज चालत नाही अशा संकटात झालेलं नुकसान कायद्यानं त्यातून वगळलं आहे.

आणि चूक मालकाची असेल तर? जुनी वायरिंग, उघडे जोड, एकाच मीटरवर चार बिऱ्हाडं. अशा वेळी आपल्या सामानाची भरपाई त्याच्याकडं मागता येते, पण ती चूक सिद्ध करावी लागते. इथं एकच पुरावा फार कामाला येतो, आग लागण्याआधी केलेली तक्रार. "बोर्डमधून ठिणग्या येतात" असं आपण मालकाला दहा वेळा तोंडी सांगतो. एकदाच व्हॉट्सॲपवर फोटोसह पाठवलं असतं तर! विजेच्या अपघातात कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर विद्युत निरीक्षक चौकशी करतात. त्या अहवालाची प्रत मागून घ्या.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, ही चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं अर्ज करा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

जळालेल्या नोटा आणि कागद

डब्यातल्या नोटा जळाल्या की बायका त्या रडत रडत चुरगाळून टाकतात. असं करू नका. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त सलग तुकडा शाबूत असेल तर बँकेत पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. अगदी करपलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्याव्या लागतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथं ही कार्यालयं आहेत. नोटा सुट्या करायला जाऊ नका, आहेत तशा डब्यासकट न्या. सोनं वितळलं तरी जात नाही, म्हणून राख चाळल्याशिवाय टाकू नका.

कागदांचंही तसंच. आधार पुन्हा काढता येतं, पॅनची दुसरी प्रत मिळते, रेशन कार्डची दुय्यम प्रत पुरवठा कार्यालयातून मिळते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडून मिळते, सोलापूर जिल्हा त्याच मंडळात येतो. बहुतेक ठिकाणी पोलिसांकडचा जळिताचा दाखला मागतात, म्हणून त्याच्या पाच-सहा झेरॉक्स एकदाच काढून ठेवा.

आणि पुढच्या वेळी?

मालकानं घराचा विमा काढला असला तरी तो त्याच्या भिंतींचा असतो. आपल्या कपाटाला त्यातून एक रुपया येत नाही. पण भाडेकरूला फक्त सामानाचा विमा काढता येतो, हे किती जणींना ठाऊक आहे? १ एप्रिल २०२१ पासून घरांच्या आगीचा विमा देणाऱ्या सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच साच्यातली पॉलिसी देणं विमा नियामकानं बंधनकारक केलं. त्यात फक्त घरसामानाचा विमा घेता येतो. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन विचारा. एजंट स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका. घरात शिवणकाम किंवा पापड-चटणीचा धंदा असेल तर तेही स्पष्ट सांगा. धंद्याच्या मालाला घरसामान म्हणून भरपाई मिळेल, असं धरून चालू नका.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आग लागलेल्या घरातल्या बाईला एवढं सुचेल का? नाहीच सुचणार! तिचे हातपाय गळालेले असतात. सुचायला हवं ते शेजारणींना. आपल्या गल्लीत कुणाचं घर जळलं तर आपण तिला चहा देतो, मुलांना जेवू घालतो, जुनी लुगडी-चादरी नेऊन देतो. ते करूच. पण त्यासोबत एक वही आणि पेन घेऊन तिच्याजवळ बसा. "कपाटात काय काय होतं गं?" असं विचारा आणि ती सांगेल ते लिहून घ्या. पंचनाम्याला तिच्या बाजूला उभ्या राहा. सही करायला कुणी कागद पुढं केला, तर तिच्या आधी तुम्ही तो वाचा.

आणि हो, तुम्ही स्वतः भाड्याच्या घरात असाल तर आज दुपारी गॅसचं पुस्तक काढून त्यावरचा पत्ता बघा. तो जुना असेल तर याच आठवड्यात एजन्सीत जाऊन या.